भुताने विचारलं, जेवलात का?

हे ऐकून माझ्या पदवीवर शंका घेऊ नका, बाकीच्यांनी ती आधीच घेऊन झालीय. पण खरं सांगा, भर दुपारी एखादं मशीन तुमची चौकशी करायला लागलं तर तुम्ही काय कराल?

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाशकात कॉलेज रोडला, एका मेडिकलच्या वर आमचं चार माणसांचं सॉफ्टवेअरचं ऑफिस. इंटरनेट फोनच्या तारेतून यायचं, तेही त्याच्या मनात आलं तर. त्यामुळे आमचा सगळा भरवसा 'डब्या'वर. डबा म्हणजे सगळ्यांच्या मशीनवर दिसणारं एक फोल्डर. कुणाला प्रोग्रॅमचा एखादा कामाचा तुकडा जमला की तो डब्यात टाकायचा, कसा बसवायचा याची टीप सोबत. दुसऱ्याने तो उचलून आपल्या कामात चिकटवायचा. वाचायची पद्धत नव्हती. चाललं की झालं!

सटाण्याच्या एका कांदा व्यापाऱ्याला आमचा हिशेबाचा प्रोग्रॅम दिला होता. तो व्यापारी म्हणजे म्हातारे आबा, दिवसभर स्वतः त्यावर बसायचे. ते अचानक गेले. तेराव्यानंतर त्यांच्या मुलाने, भाऊसाहेबाने, मशीन सुरू केलं आणि बाहेर ट्रक बघायला गेला. परत येतो तर कुणी हात न लावता पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी उमटलेलं: 'मी इथेच आहे.'

झालं! हंगामाचे दिवस, बाहेर गाड्या उभ्या, आणि भाऊसाहेब त्या खोलीत पाऊल टाकेना. वर आबांची बायको रोज जाऊन मशीनसमोर बसायला लागली, हलवली तरी हलेना. आई हातची जाते म्हणून तो फोनवर रडला. आमच्या मालकांनी, म्हणजे सरांनी, मला बोलावून सांगितलं की भूत काढ, नाहीतर सटाण्याची सगळी गिऱ्हाइकं जातील आणि मागोमाग आपणही.

मी एसटीत बसलो ते हसतच. अर्थिंगचा घोळ असणार, दुसरं काय?

खोलीत आबांचा फोटो, त्याला हार. पंखा बंद. मी प्रोग्रॅम उघडला आणि हाताची घडी घालून वाट बघत बसलो. बराच वेळ काही नाही. मग पडदा हलला. 'मी इथेच आहे.' मी खुर्ची मागे सरकवली. थोड्या वेळाने: 'तुम्ही कुठे आहात?' आणि मग: 'जेवलात का?'

मी सकाळपासून जेवलो नव्हतो हो! आणि हे यांना कसं कळलं? मी उठलो, हात जोडले आणि मोठ्याने म्हणालो, "नाही, आबा."

दारात आबांची बायको, आजी, उभी. ती आत गेली आणि ताट घेऊन आली. मी भाकरी खाल्ली, एक डोळा पडद्यावर ठेवून.

मग ऑफिसला फोन लावला आणि सरांना सांगितलं की हे आपल्या हातातलं नाही, भटजी बोलावून शांत करून घ्या. सरांनी फोन शुभांगीकडे दिला. ती आमच्यातली एकटी वाचणारी. तिने तिन्ही वाक्यं नीट ऐकली.

"अरे, हा डब्यातला तुकडा आहे. अर्धा तास कुणी हात लावला नाही की निरोप दाखवणारा. तूच टाकलायस. टीप पण तुझीच: चाचणीची वाक्यं आहेत, नंतर बदलू."

आबा अर्धा तास कधी उठलेच नव्हते, म्हणून ते निरोप कुणी पाहिले नव्हते.

आता हे त्या माउलीला सांगायचं कसं? तरी मान खाली घालून सगळं सांगितलं. आबा नाहीत आजी, मी आहे. आत्ता पुसून टाकतो.

ती शांतपणे तिच्या अहिराणीत म्हणाली, "माले ठाऊक शे. उभा जलममा त्यानी माले कधी जेवनी का म्हनीसन इचारं नही. तो कसा र्‍हाई?"

आबांनी जन्मात कधी जेवलीस का विचारलं नाही, हे आबा नाहीत हेही ठाऊक, मग तुम्ही रोज इथे का बसता, असं मी विचारलं.

"कोनी तरी इचारस ना. र्‍हाऊ दे ते." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "पन मना पोर्‍या घाबरना ते समजस. तू कोनले हात जोडी र्‍हायंता रे, भाऊ?"

नाशिकहून एवढं लांब येऊन मी स्वतःच्याच पाया पडत होतो, आणि वर उपाशी आहे म्हणून स्वतःकडेच तक्रारही केली होती.