गुळाचा खडा आणि माझा भुंडा हात

जालन्याहून कुंभार पिंपळगावला जाणारी एसटी त्या काळी इतकी हादरायची की अंबडला दुधाची किटली घेऊन चढलेल्या बाईच्या हातात घनसावंगी येईपर्यंत लोणी आलेलं असायचं. ज्याला खोटं वाटेल त्यानं त्या बाईला विचारावं. मी तिचं लोणी खाल्लंय. नव्वदच्या दशकातला कापसाचा एक अख्खा हंगाम मी त्या गाडीतून हेलपाटे घातले. विशेष शिक्षणातलं एम.एड. करत होते, आणि एका मुलाचं वर्तन सुधारून दाखवल्याशिवाय पदवी हातात पडणार नव्हती. अभ्यासक्रमात ‘प्रबलन’ नावाचं मोठं प्रकरण होतं. मूल हवं तसं वागलं की तिथल्या तिथं त्याला आवडीचं काहीतरी द्यायचं, म्हणजे ते पुन्हा तसंच वागतं, एवढाच त्याचा अर्थ. पण तो शब्द ऐकून आमच्या वडिलांनी गल्लीभर करून टाकलं की पोरगी तालमीत जाऊन राह्यली.

माझ्या वाट्याला आलेला मुलगा सहा-सात वर्षांचा. बोलायचा नाही, पण पळायचा. असा पळायचा की त्याची सावली धापा टाकत मागून यायची. घर पिंपळगावच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्यावर. दारासमोरून कापसाचे ट्रॅक्टर, जीपगाड्या, आमची ती लोणीवाली एसटी. एकदा पोरगं चाकापासून हातभर अंतरावरून ओढून काढलेलं. तेव्हापासून त्याच्या कमरेला दोर बांधून दुसरं टोक अंगणातल्या कडुलिंबाला. आई-बाप दिवसभर वेचणीला, घरात त्याची आत्या. बापाची थोरली बहीण, माहेरीच राहणारी. अंगानं काडी, पण नजर अशी की तव्यावर भाकरी टाकली तर ती धाकानंच फुगावी.

बाप पहिल्याच दिवशी म्हणाला, “म्याडम, दोर कुरतडून तोडून राह्यलंय हे. वेचणी संपंपर्यंत हाकेला थांबायला शिकवा. न्हाई जमलं तर मंग मी बाजारातून साखळी आणतो. जित्तं तर राहील.”

साखळी म्हणताना त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. चुलीपाशी बसलेल्या आईनं पाहिलं, आणि ते मला जास्त जड गेलं.

मी आठवड्यातून दोनदा जायचे. दोर सोडायचा, मी रस्त्याच्या बाजूला उभी राहायची, ‘थांब’ म्हणायची, थांबला की मुरमुऱ्याचा लाडू मोडून घास द्यायचा. किती वेळा पळतो हे मोजायला आमच्या सरांनी युक्ती दिली होती. मुलासमोर कागद-पेन काढायचं नाही, घरचे आखडतात. डाव्या मनगटात रबरं घालायची, मूल पळालं की एक रबर उजव्या हातात. घरी जाऊन मोजायची. माझी रबरं उन्हानं तुटून गेली, म्हणून मी सैल प्लॅस्टिकच्या बांगड्या घेतल्या. पोरगं पळालं की डाव्या हातातली एक बांगडी काढायची, उजव्यात सारायची, आणि ओठातल्या ओठात आकडा म्हणायचा. मला ही सुधारणा इतकी आवडली होती की सरांनी तिला माझं नाव द्यावं असं वाटत होतं.

माझ्यासमोर पोरगं सुधारत होतं. पण पुढच्या फेरीला मी गेले की आधीपेक्षा दुप्पट पळायचं. दोन-तीनदा असं झालं आणि मला संशय आला. माझ्या माघारी कुणीतरी माझं शिकवलेलं उलटं करत होतं.

आधी मी बापावर डोळा ठेवला. बाप माणूस चांगला, पण चांगल्या माणसाचा संशय लवकर घ्यावा असं माझं मत आहे. मग कोपऱ्यावरच्या चहावाल्यावर. तो पोराला पाहून फार गोड हसायचा. सरांकडं तक्रार केली तर ते चष्म्यावरून बघत म्हणाले, “बाई, तुम्ही जाता तरी का तिकडं? की जालन्यात बसूनच पोराला पळवता?” म्हणजे माझ्यावरही संशय घेणारं कुणीतरी निघालं.

शेवटी एक दिवस मी ठरलेला वार सोडून गेले. गावाच्या अलीकडं उतरले, वावरातून आडवी आले आणि घरामागच्या पऱ्हाट्यांच्या ढिगाआड जाऊन बसले. कापसाच्या त्या वाळक्या काड्या मला इतक्या टोचल्या की अजून पाऊस आला की पाठ सांगते.

आत्याबाईंनी जेवायला म्हणून पोराचा दोर सोडला. पोरगं पळालं. त्या मागं पळाल्या, रस्त्याच्या कडेला त्याला धरलं, कवेत घेऊन आणलं. उंबऱ्यावर बसवलं. मीठ-मोहऱ्या त्याच्यावरून ओवाळल्या, “आल्यागेल्याची, पापी नजरंची…” असं काहीतरी म्हणत चुलीत टाकल्या, तडतड झाली. पोरगं टाळ्या पिटायला लागलं. मग त्यांनी त्याची अलाबला घेतली, दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली, आणि तोंडात लिंबाएवढा गुळाचा खडा घातला.

पोरानं गूळ चघळला, संपवला, आत्याकडं पाहून हसलं, आणि पुन्हा पळालं.

का नाही पळणार? माझ्याकडं थांबलं तर मुरमुऱ्याचा अर्धा घास. आत्याकडं पळालं तर फटाके, लाड आणि गूळ! मी त्याच्या जागी असते तर परतूरपर्यंत पळाले असते.

तेवढ्यात धूर माझ्या नाकात गेला आणि मला शिंक आली. बारीक नव्हे. लिंबावरचे कावळे उडाले.

“कोन हाय तिकडं?” आत्याबाई हातात उलथनं घेऊन आल्या. मला पाहून त्यांना नवल वाटलं नाही, खात्री पटली. “वाटलंच मला! लपून बघून राह्यली ना? उतारा लागतो का न्हाई ते बघायला आल्ती!”

“कसला उतारा, आत्याबाई?”

“म्या काई आंधळी हाय? लेकरू पळालं की तू डाव्या हातातली बांगडी काढती अन् व्हटात पुटपुटती. जाईस्तोवर हात भुंडा! कुन्या सवाशिणीचा हात भुंडा करायचाय तुला? माझ्या भावाच्या जिवावर उठली का?”

मी अभ्यासक्रम समजावायला लागले. मोजणी, नोंद, वर्तन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हंजी लेकरू पळतं अन् तू बांगडी उतरिवती, हे तर तूच कबूल करून राह्यली.”

वेचणी संपायला महिनाच उरला होता, आणि ती संपली की बाप बाजारात साखळी बघणार होता. मी दोन वर्षं शिकलेलं सगळं पऱ्हाट्यांत टाकलं आणि आवाज खाली आणला.

“आत्याबाई, उतारा बराबर आहे. वेळ चुकतीय.”

उलथनं थोडं खाली आलं. “म्हंजी?”

“पळालेल्या लेकरावर उतारा केला की बाधा त्याच्या पायातच राहते. थांबलेल्या लेकरावर करायचा. आधी लांबूनच हाक द्यायची. थांबलं, वळलं, की तिथंच ओवाळायचं, तिथंच गूळ.”

“अन् न्हाई थांबलं तर?”

“धरून आणायचं. पण ओवाळायचं नाही, लाड नाही, गूळ तर बिलकुल नाही. अवाक्षर बोलायचं नाही. तोंड उघडलं की बाधा उलटते.”

आत्याबाईंनी मला पायांपासून केसांपर्यंत पाहिलं. “तुला लई ठाव हाय गं. म्हंजी तू त्यातलीच.”

मी नाही म्हणाले नाही. पुस्तकातल्या बाईचं त्या ऐकणार नव्हत्या. त्यातल्या बाईचं ऐकत होत्या. आधी लांब दोर बांधूनच अंगणात करायचं आणि मग फाटकापर्यंत, तेही ‘त्यातलं’ म्हणूनच सांगितलं.

त्यानंतर आत्याबाईंनी जे चालवलं ते आमच्या विभागात एकालाही जमलं नसतं. त्यांच्या हातात दया नव्हती आणि चूकही नव्हती. पोरगं न थांबता गेलं की दगडासारखं तोंड करून आणून बसवायच्या. थांबलं की दिवाळी! मी गेले की मात्र मला अंगणाबाहेर दगडावर बसवायच्या, दोन्ही हात पदराखाली झाकायला लावून. एकदा मी चुकून ‘छान’ म्हणाले तर त्यांनी ते ‘छान’सुद्धा ओवाळून चुलीत टाकलं.

वेचणी संपली. बाजाराच्या दिवशी बाप निघण्याआधी अंगणात आला. “आक्का, साखळी किती लांब आणू?”

“आधी दोर सोड,” आत्याबाई म्हणाल्या. “अन् मधी येऊ नको.”

बापानं दोर सोडला. पोरगं एकदा आत्याकडं, एकदा रस्त्याकडं बघून सुटलं. फाटक ओलांडलं. पिंपळगावच्या बाजूनं कापसाचा ट्रॅक्टर येत होता, एवढा भरलेला की चालक कुठं आहे ते दिसत नव्हतं. मी दगडावरून उठले. बाप धावायला लागला, आत्याबाईंनी त्याच्या छातीवर हात आडवा लावला आणि हाक दिली.

“थांब रं राजा!”

पोरगं रस्त्याच्या कडेला थांबलं. वळलं. ट्रॅक्टर धुरळा उडवत गेला, आणि त्या धुरळ्यातून त्याचा एक पसरलेला तळहात दिसला. आत्याबाई मीठ-मोहऱ्या विसरल्या. नुसता गूळ घेऊन पळाल्या.

बापानं दोराची गुंडाळी केली. ती बैलांच्या गोठ्यात टाकून आला आणि त्या दिवशी बाजाराला गेलाच नाही.

मला वाटलं, आता निदान चहा मिळेल. आत्याबाई माझ्यासमोर आल्या. “बघितलं? उतारा लागला. म्हंजी करणी व्हतीच. आता तू यायचं न्हाई.”

बाप मला गाडीपर्यंत सोडायला आला. “म्याडम, आक्काचं मनावर घेऊ नका. तुमचे उपकार हायेत.” चार पावलांवर चाचरत म्हणाला, “पन… न्हाई आलात तरी चालंल.”

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, “प्रबलन कोणी दिलं?” मी म्हणाले, मुलाच्या आत्यानं. “त्यांचं प्रशिक्षण?” मी म्हणाले, घरचंच आहे. सर छताकडं बघत होते. परीक्षकांनी मला पास केलं, पण हे पोरगं खरं आहे की नाही याची खात्री त्यांना शेवटपर्यंत पटली नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

वर्षभरानं मी पिंपळगावच्या बाजारात आत्याबाईंना लांबून पाहिलं. बांगड्यांच्या, भांड्यांच्या गर्दीत पोरगं त्यांच्या पुढं चाललं होतं, आणि त्याच्या कमरेला काही नव्हतं. त्यांनी मला ओळखलं. दोन ढांगांत जाऊन त्यांनी त्याला पदराखाली घेतलं आणि माझ्याकडं पाठ केली. मी लगेच निघाले. आणखी क्षणभर बघत राहिले असते तर भर बाजारात मला ओवाळून चुलीत टाकायला त्यांनी कमी केलं नसतं.