बाबांचा उरलेला आवाज

बाबांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल, आवाज परत येणार नाही. मी बाळंतपणासाठी नाशिकला आईकडे आले होते. ऑपरेशनच्या आधी रोज त्यांना लॅपटॉपसमोर बसवून बोलतं केलं. होणाऱ्या नातवंडासाठी गोष्टी, इगतपुरीच्या धुक्यातल्या रेल्वेच्या ड्यूट्या, आईला मारतात ती लांबलचक हाक. सगळं रेकॉर्ड केलं. ऑपरेशननंतर बाबांसाठी घरात पाटी-पेन्सिल आली तरी मला फार भीती वाटली नाही. बाबांचा आवाज माझ्याकडे होता.

एका दुपारी भाजी घेऊन परतले, तर बाबा लॅपटॉपपुढे थिजून बसलेले. स्क्रीनवर लाल चौकट आणि पैशांची मागणी. त्यांना क्रिकेटची मॅच बघायची होती. फुकट दाखवणाऱ्या साइटने आधी एक व्हिडिओ प्लेयर डाउनलोड करायला सांगितला, मग अँटिव्हायरस बंद करायला. बाबांनी दोन्ही केलं. उभी हयात रेल्वेत गेलेला माणूस, लेखी सूचना आली की पाळायची एवढंच ठाऊक. मॅच काही लागली नाही, पण एकूण एक फाइल कुलूपबंद झाली. दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर होती. तो मीच लॅपटॉपला खोचून ठेवला होता. त्यातलंही गेलं.

कॉलेज रोडच्या दुरुस्तीवाल्याने हात टेकले. पैसे भरले तरी फाइली सुटतील याची खात्री नाही, म्हणाला.

घरी येऊन मी बाबांवर तोंड सोडलं. नको नको ते बोलले. समोरचा आवाज चढला की आपण कुठेतरी थांबतो. इथे समोरून काहीच येईना, आणि माझाच आवाज चढत गेला. बाबा मान खाली घालून पाटीच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. आईने मला हाताला धरून आत नेलं.

मग बाबांचा आवाज कुठे सापडतो का म्हणून नातेवाइकांचे फोन धुंडाळले. बाबा सरळ फोन लावायचे, व्हॉइस मेसेज त्यांना आवडायचाच नाही. कुणाकडे काही निघालं नाही. मी वेड्यासारखी येईल त्याला विचारत होते. सायखेड्याहून येणारा आमचा दूधवाला दारात घुटमळला.

"हाय माझ्याकडं एक," तो म्हणाला. "पण चांगलं नाय ताई. मी फोन उचलला नव्हता म्हणून रागावलेत."

त्याने लावलं. "काल दुधात पाणी होतं. असं चालणार नाही, सांगून ठेवतो."

एवढंच. माझे बाबा, खणखणीत, चिडलेले. मी दाराला टेकून रडले. बाबांनी बोटाने पुन्हा लावायची खूण केली. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर पाटी ओढली, लिहिलं आणि माझ्यापुढे धरली.

"बाळाला सांग, आजोबा एरवी असे बोलत नसत."