समोरचं जाळीचं दार

चहा गाळताना काकूंचा हात आधी मोठ्या कपाकडेच जायचा. मोठा कप नवऱ्याचा. तो गेला, पण हाताला कोण समजावणार? मग तोच कप घेऊन त्या बैठकीत दाराकडे तोंड करून बसत. त्यांचं जाळीचं दार, मधला जिना, आणि पलीकडे समोरच्यांचं तसलंच जाळीचं दार.

ही इमारत काकूंनीच आखलेली, आर्किटेक्ट म्हणून नोकरी करतानाच्या उमेदीच्या काळातली. उन्हाच्या बाजूला खोल छज्जे, गच्चीवर सौर पॅनेल आणि प्रत्येक मजल्यावर समोरासमोर दारं. वारा समोरच्यांच्या बाल्कनीतून शिरे, दोन्ही जाळ्या ओलांडून काकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर पडे. नकाशात त्यांनी दोन्ही घरांतून आरपार एकच लांब बाण काढला होता. नवरा तेव्हा म्हणाला होता, "तुझा बाण लोकांच्या बैठकीतून खुशाल चपला घालून चाललाय!" तेव्हापासून त्या वारेवाल्या काकू झाल्या, त्या झाल्याच.

पुढे गच्चीवरची पॅनेल वाढली, वीज जवळजवळ फुकटात पडू लागली, आणि एकेका मजल्याने एसी घेऊन दारं लावून घेतली. कुणाला काय बोलणार? पॅनेलसाठी हट्ट धरून बसलेल्या काकूच. जाळीची दारं उरली होती ती याच मजल्यावर.

त्या सकाळी कप ओठाला लागतोय तोच टकटक झाली. काकू दचकल्या. जाळीच्या दारावर कोणी टकटक करत नाही, जिन्यातूनच हाक मारतात. पाहतात तर समोरची सून, खांद्यावर बाळाच्या दुधाचा डाग.

"अगं, टकटक कसली? पाहुणी झालीस की काय?"

सून हसली, पण आत येऊन खुर्चीच्या कडेवर टेकली. "काकू, उद्या सुतार येणारेत. ठोकाठोक होईल, म्हणून म्हटलं आधी सांगावं. जाळी काढून सलग लाकडी दार लावतोय. बैठकीत एसी बसतोय ना."

काकूंनी कप खाली ठेवला. "तुमच्या बाल्कनीला एवढा वारा असतो. एसी कशाला गं?"

"वारा आहे हो, पण पलीकडच्या बांधकामाची धूळही आहे. बाळाची छाती भरते. दिवसभर खिडक्या बंद ठेवा म्हणालेत डॉक्टर."

"आणि वीज?"

"ती आपल्या गच्चीवरचीच की! सासूबाई तर म्हणतात, वारेवाल्या काकूंची कृपा."

काकूंना हसावं की रडावं कळेना. तरी त्यांनी शेवटचा खडा टाकून पाहिला. "तुमच्याकडची हवा थांबली की माझं स्वयंपाकघर कोंडणार बघ."

"त्याचाही विचार केलाय. हे म्हणाले, काकूंच्या खिडकीत हवा बाहेर फेकणारा पंखा आपणच बसवून देऊ."

भल्याभल्या बिल्डरांशी काकू वाद घालून आल्या होत्या. या पोरीपुढे मात्र एकही मुद्दा टिकेना, कारण तिचं खरंच होतं. त्यांना तो बाण आठवला. उन्हाचा कोन, भिंतीची जाडी, वाऱ्याची दिशा, सगळं त्यांनी धरलं होतं. दार मात्र सकाळी उठून कुणाला तरी उघडावं लागतं, ते धरायचं राहूनच गेलं होतं.

समोरून बाळाने सूर लावला. पाठोपाठ आजीचा आवाज आला, "आले, आले, सरकार!"

सून उठू लागली. "भूक लागली वाटतं."

"भुकेचं नाही ते, झोपेचं आहे," काकू सहज बोलून गेल्या.

"तुम्हाला कसं कळलं?"

"ऐकते ना रोज."

खरंच, थोड्याच वेळात आजीचं गुणगुणणं सुरू झालं आणि रडणं विरत गेलं. सून जागच्या जागी थबकली. "म्हणजे... आमची भांडणंसुद्धा?"

"ओल्या टॉवेलाचं तर मला पाठ आहे. बरोबर तूच असतेस."

दोघीही हसल्या. हसू ओसरलं तशी बैठक एकदम मोठी वाटायला लागली. सुनेचं लक्ष टेबलावरच्या त्या एकट्या मोठ्या कपाकडे गेलं. ती पुन्हा बसली, यावेळी नीट, खुर्चीला पाठ लावून.

"काकू, दुसरं काही करता येईल का? स्पष्ट सांगा."

काकूंनी पदराला हात पुसले. हात कोरडेच होते.

"पंखा नको. बांधकाम संध्याकाळी थांबतं. धूळ खाली बसली आणि बाळ खेळत असलं, की तुमचं नवं दार थोडा वेळ उघडं ठेवशील? मला तुमचे आवाज ऐकायचे असतात."