येऊलागलों

तांबरमचे आमचे शेजारी तंजावरकडचे मराठी. बेल कधी वाजवायचे नाहीत. "येऊलागलों" म्हणत थेट आत यायचे. मी सवयीनं सांगायचो, "येतोय म्हणा." ते हसून मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

एका सुट्टीत आम्ही बरोबर सातपुड्याच्या राष्ट्रीय उद्यानात गेलो. जीपसमोर गवा आडवा उभा राहिला, तेव्हा ते त्यालाही हळूच म्हणाले, "थोडं सरका सार, येऊलागलों." गव्यानं खरंच वाट दिली.

संध्याकाळी दरीच्या कठड्याशी उभं राहून त्यांनी तीच हाक मोठ्यानं घातली. समोरच्या तांबूस, वाळूच्या दगडाच्या कड्यांनी ती जशीच्या तशी परत केली.

"सातपुडा तुमच्याकडचाच की, सार," ते मला म्हणाले. "एक तरी चूक काढला काय?"