चाराच्या जागी एक

बायको जाऊन आता आठ महिने होतील. ती होती तोवर हे लिहायची माझी हिंमत नव्हती, आणि आता लिहून काही उपयोग नाही. तरी लिहितो. चौथी शिकलेला माणूस आहे, जसं येईल तसं.

पांढुर्ण्याला एका जिनिंगमध्ये मी जमादार होतो. जमादार म्हणजे हमालांवरचा माणूस. कापसाच्या गाड्या आल्या की कोणता कापूस कोणत्या गंजीवर टाकायचा, हे माझ्याकडे. बारा वर्षं कापसाची धूळ खाल्ली, मग छातीनं जवाब दिला. चार पावलं चाललो की दम. सेठजींनी मला आत ऑफिसात घेतलं. तो अठ्ठ्याऐंशीचा हंगाम होता, आणि त्याच हंगामात ऑफिसात कॉम्प्युटर आला.

सेठजींची सून नागपूरची, कॉलेज शिकलेली. सगळे तिला भाभी म्हणायचे. यंत्र तिच्या हाताखाली, आणि मी यंत्राच्या हाताखाली. खोलीत काचा लावल्या होत्या, चप्पल बाहेर काढायची, धूळ पुसायची, बटन दाबायचं. हमाल खिडकीतून पाहून म्हणायचे, "जमादार, पिक्चर लागला का आज?" घरी बायको म्हणायची, "त्या पेटीपुढे चप्पल काढून जाता, अन् माह्या सारवलेल्या घरात तसेच घुसता. तिलेच बायको करा."

यंत्रात शेतकऱ्यांची यादी असायची. कोणाचा कापूस, गाव कोणतं, कापूस कसा निघाला, कोणत्या गंजीत गेला. हंगामाच्या मध्यात ती गावाप्रमाणे लावून छापायची. तिगावची नावं एका जागी, सौंसरकडची एका जागी. हजारो नावं. एवढी नावं या टीचभर पेटीत मावतात कशी, असं मी एकदा भाभीला विचारलं.

"जमादारभाऊ, जिनाच्या मशीनीपुढे एका वेळी किती कापूस मावते?"

"टोपलंभर."

"अन् बाकीचा?"

"आंगनात."

"तसंच आहे याचं. याचं डोकं टोपलंभर. जे मावत नाही ते हे डिस्कवर ठेवते. लागलं की उचलते, झालं की परत ठेवते. त्याच्यासाठी डिस्कवर जागा मोकळी राखावी लागते."

"म्हणजे आंगन."

ती हसली. "हो, आंगनच."

तेव्हापासून आम्ही दोघं त्या जागेला आंगनच म्हणायचो. आंगन किती ठेवायचं तो आकडा एका ओळीत लिहिलेला असायचा. चार. इंग्रजी मला येत नव्हतं, पण गाठींवरचे आकडे वाचून वाचून इंग्रजी आकडे येत होते. ती ओळ उघडायची कशी, बदलायची कशी, हे तिनं माझ्यासमोर दोनदा केलं होतं, आणि मी पाहून ठेवलं होतं. आंगनातून उचल-ठेव चालू असली की पेटीवरचा लाल दिवा लुकलुकायचा. तो लुकलुकत असताना यंत्र बंद करायचं नाही, ही तिची सक्त ताकीद. बंद केलं तर आंगनात पडलेलं सगळं गेलं.

पुढच्या हंगामात बायकोला सातवा लागला तशी ती सौंसरला माहेरी गेली. लग्नाला आठ वर्षं झाली होती. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा गेले. या वेळी जामसांवलीला जाऊन नवस केला होता. बसमध्ये बसताना तिनं खिडकीतून सांगितलं, "बोलावलं की लगेच या. मंग पेटी-गिटी काही सांगू नोका."

"येतो ना. उडत येतो."

"उडू नोका. बसनं या."

पुसाच्या, म्हणजे पौषाच्या महिन्यात भाभीला नागपूरला माहेरच्या लग्नाला जायचं होतं. जाताना तिनं मला दोन कामं सांगितली. डिस्क भरत आली आहे, तेव्हा मागच्या हंगामाच्या याद्या पुसून टाका. त्यांची छापील प्रत कपाटात आहे. आणि गुरुवारी सकाळी यंत्राला यादी गावाप्रमाणे लावायला लावा, अर्ध्या तासात होते, मग छापा. बाकी कशाला हात लावू नका.

आता जिनिंगमधली आमची एक रीत सांगतो. प्रत्येक गंजीतून मूठभर कापूस नमुना म्हणून काढायचा, कागदात बांधायचा, वर नाव टाकायचं. तो नमुना पुढच्या दसऱ्यापर्यंत फेकायचा नाही. केव्हा कोण येईल आणि म्हणेल माझा कापूस असा नव्हता, सांगता येत नाही. बारा वर्षं मी हे पुडके उंदरांपासून राखले. माझ्या हातानं मागच्या सालाची यादी पुसायची, हे मला जमेना. छापील प्रत आहे म्हणे. कागदाला वाळवी लागली तर?

म्हणून मी माझं डोकं चालवलं. यादी ठेवली आणि आंगन कमी केलं. चाराच्या जागी एक. मला वाटलं, एवढी जागा रिकामी पडून आहे, रोज तर कोणी तिथं काही ठेवत नाही. ज्या माणसानं भर हंगामात मोकळ्या फरशीसाठी हमालांच्या अंगावर धावून जावं, जागा नसली की एकच गंजी दहादा फिरवावी लागते म्हणून ओरडावं, त्यानंच हे केलं. यंत्र काही बोललं नाही. डिस्कवर जागा झाली. मी खूश.

गुरुवारी दहा वाजता यादी लावायला लावली. दिवा लुकलुकायला लागला. साडेदहा झाले, अकरा झाले. दिवा चालूच. नेहमी थांबून थांबून लुकलुकायचा, त्या दिवशी श्वासच घेईना. आतून घर्रघर्र आवाज.

अकराच्या पुढे फोन आला. सौंसरहून साळा बोलत होता. बहिणीला तो बाई म्हणायचा. "भाऊजी, पोरगी झाली. पहाटे. बाई बरी आहे. पोट्टी जराशी अशक्त आहे, बस. डॉक्टरनं पाहिलं. तुम्ही या."

"येतो, येतो."

"येतो म्हणजे कधी? बाई विचारून राहिली."

"दुपारच्या बसनं."

सेठजी समोरच बसले होते. त्यांनी तोंड भरून म्हटलं, "अरे वा, लक्ष्मी आली. जा, आत्ताच जा. मशीन आम्ही पाहू."

मला कोणी अडवलं नाही. हे मला मुद्दाम लिहायचं आहे, कारण पुढे लोकांनी म्हटलं की नोकरीचा माणूस, मालकानं सोडलं नसेल. मालकानं जा म्हटलं होतं. मीच गेलो नाही. मी आकडा बदलला होता आणि भाभीला सांगितलं नव्हतं. मी गेलो आणि सेठजींनी बटन बंद केलं तर सगळ्या हंगामाची यादी जाईल आणि दोष माझा निघेल, ही भीती. आणि दुसरं म्हणजे, आता होईल, आता होईल, असं वाटायचं. अशक्त आहे म्हणाला होता. अशक्त लेकरं असतातच, दूध पिऊन सुधारतात. पोरगी कुठं पळून जाते?

साडेबाराची बस गेली. अडीचची गेली. मी खुर्चीवर बसून त्या दिव्याकडे पाहत राहिलो. आतमध्ये काय चालू होतं हे मला कळत होतं, तेच जास्त वाईट. जागा नाही म्हणून तेच तेच उचलायचं आणि तिथंच ठेवायचं. मधून आकडा परत चार करता येत नव्हता, काम थांबल्याशिवाय ते होत नाही.

पावणेचारला पुन्हा फोन. साळ्याचा आवाज बदललेला. "भाऊजी, तुम्ही निघालेच नाही का अजून? पोट्टी गेली हो. बाई तिले मांडीवरून खाली ठेवून नाही राहिली. म्हणते, बाप येऊन तोंड पाहीन, मंग न्या."

दिवा तसाच ठेवून मी पळालो. चारची बस मिळाली. आमच्याकडे एवढ्याशा लेकराला जाळत नाहीत, पुरतात, आणि दिवस बुडायच्या आत पुरतात. पुसातला दिवस केवढासा असतो? बसच्या खिडकीतून मी सूर्य पाहत होतो. संत्र्याच्या बागा लागल्या तेव्हा तो झाडांच्या शेंड्यांवर होता. बस एका ठिकाणी दहा मिनिटं थांबली, ड्रायव्हर चहा प्यायला उतरला. त्याला काय बोलणार?

मी पोचलो तेव्हा अंधारलं होतं. साळा दारात पाय धूत होता. हातांना माती होती. "खूप वाट पाहिली," तो म्हणाला. "मंग म्हाताऱ्यांनी आयकलं नाही." बागेच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तिला ठेवलं होतं. मी तिथं जाऊन उभा राहिलो. ओली माती, वर दगड. दुसरं काही पाहायला नव्हतं.

बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी जवळ बसलो. तोंड न वळवता तिनं विचारलं, "कायले उशीर केला?"

"बस चुकली," मी म्हणालो.

पाचव्या दिवशी मी पांढुर्ण्याला परत आलो. भाभीला माझ्या घरचं कळलं होतं, ती रागावली नाही. त्या दिवशी यंत्र शेवटी आपोआप थांबलं होतं, जागा नाही म्हणून. यादी काही गेली नव्हती, मूळची यादी डिस्कवर होती तशीच होती. गेलं होतं ते फक्त तेवढ्या वेळचं लावणं. भाभीनं मागच्या सालाच्या याद्या पुसल्या, एकाच्या जागी चार केले आणि काम लावलं. अर्ध्या तासात झालं. मी तिथंच उभा होतो. ती म्हणाली, "जमादारभाऊ, घरी जा तुम्ही." मी मागच्या गोदामात जाऊन बसलो, कापसात तोंड खुपसून.

पुढे आम्हाला मूल झालं नाही. बायकोनं मला कधी बोल लावला नाही. ती तोंडाची तिखट होती, भाजीत मीठ जास्त झालं म्हटलं तर दोन दिवस अळणी करून घालायची. पण या बाबतीत कधी शब्द नाही. बस चुकली हे तिनं खरं मानलं की नाही, ते मला माहीत नाही. साळ्याला दुसऱ्या फोनच्या वेळी मी ऑफिसातच होतो हे माहीत होतं. त्यानं तिला सांगितलं असेल, नसेलही. तोही आता नाही.

मला एकच विचारायचं होतं तिला. पोरगी दिसायला कशी होती? सकाळपासून दुपारपर्यंत तिनं तिला पाहिलं होतं, मांडीवर घेऊन. रंग कोणता, केस होते की नव्हते, रडली का. पण हे विचारायचं तर आधी सांगावं लागलं असतं की मी का नाही पाहिलं. म्हणून पस्तीस वर्षं विचारलं नाही. संक्रांतीच्या आसपास ती दरवर्षी एक दिवस जेवायची नाही. मी त्या दिवशी काहीतरी काम काढून बाहेर राहायचो.

एकदाच ती आपणहून बोलली. आम्ही अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होतो, दोघंही म्हातारे झालेलो. हातातली शेंग तशीच धरून ती म्हणाली, "तिच्या हनवटीले ना..." मी उठलो. म्हटलं, नळ आला वाटतं, पाहून येतो. परत आलो तेव्हा ती शेंगा सोलून राहिली होती. मीही समोर बसून एक शेंग उचलली.

शेवटचे पंधरा दिवस तिला बोलता येत नव्हतं. तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. आंगन, चार, एक, दिवा, सेठजी जा म्हणाले ते, सगळं. ती माझ्याकडे पाहत होती. ऐकलं असेल. मग मी विचारलं, हनवटीला काय होतं गं? तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. मी कान तोंडापाशी नेला. पुन्हा विचारलं. ती दमली आणि डोळे मिटून घेतले.

आता रोज आरशापुढे दाढी करताना माझी हनवटी पाहतो. बायकोचा फोटो काढून तिची पाहतो. खळी दोघांनाही नाही, तीळ दोघांनाही नाही.