दीड मिलिमीटरचा किडा

मुलांच्या वस्तू विकणाऱ्यांबद्दल माझं मत कधीच फारसं चांगलं नव्हतं. मुलीसाठी हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम घ्यायला निघालो आणि ते आणखी खाली गेलं.

गेम घ्यायचं कारण तिचा डावा डोळा. ती साडेसात वर्षांची असताना शाळेतल्या तपासणीत कळलं की तो डोळा धड बघतच नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, डोळ्यात दोष फारसा नाही, पण उजवा सगळं काम करतो म्हणून हा आळशी झालाय. चष्मा द्यायचा, आणि रोज दोन तास उजव्या डोळ्यावर पट्टी चिकटवून डाव्याकडून बारीक काम करून घ्यायचं. तेही आताच, कारण वय वाढलं की डोळा शिकायला कुरकुरतो.

मुलगी पट्टी अर्ध्या तासात उपटून टाकायची. अभ्यास दिला, मणी ओवायला दिले, तांदूळ निवडायला दिले. काही चाललं नाही. घराबाहेर तर ती पट्टी लावूच द्यायची नाही, कारण वर्गात कोणीतरी तिला एकडोळी म्हटलं होतं. शेवटी डॉक्टरबाईच म्हणाल्या, व्हिडिओ गेम द्या. चित्रं बारीक हवीत आणि तिनं आपण होऊन खेळलं पाहिजे.

अटी दोनच होत्या. त्या समजायला फार शिक्षण लागत नाही, अशी माझी समजूत होती.

पहिला फोन साताऱ्याहून, बायकोच्या थोरल्या भावाचा. फौजेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना सगळ्याच विषयांत मत आहे.

"आवं दाजी, डोळा अधू म्हनून गेम? आमी डोंगरावर दुर्बिणीतनं वर्सान् वर्सं बघितलं, डोळ्याला काय झालं न्हाई. गाजर चारा पोरीला, गाजर."

मी डॉक्टरांचं म्हणणं सांगायला लागलो, तर त्यांनी फोन ठेवला. दोन दिवसांनी एसटीनं गाजरांचं पोतं आलं. हे गृहस्थ स्वतःच्या मोबाइलवरचा मेसेज हात पूर्ण लांब करून, मान मागे घेऊन वाचतात.

सांगलीच्या पेठेतल्या पहिल्या दुकानदारानं एक चपटी, चकचकीत वस्तू पुढं सरकवली. डब्यावर लिहिलं होतं, चारशे गेम. मी काउंटरशी उभा राहून एकेक उघडत गेलो. पस्तिसाव्यानंतर पहिलाच गेम वेगळ्या नावानं आला, आणि पुढं तोच पाढा. चित्रं म्हणाल तर एकेक ठिपका साबुदाण्याएवढा. मी हे त्याला दाखवलं, तर तो खांदे उडवून म्हणाला, "पोरांना काय कळतंय?" याच एका वाक्यावर त्याचं दुकान चालतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

विश्रामबागेतलं दुकान काचेचं आणि गारेगार होतं. इथं आम्ही तिघंही गेलो. विक्रेता तरुण होता, गळ्यात पट्टा, तोंडात इंग्रजी. यंत्राची मेमरी, बॅटरी, वेग हे सगळं त्यानं न विचारता सांगितलं. मी विचारलं, या पडद्यावर सगळ्यात बारीक चित्र केवढं दिसतं? तो म्हणाला, "सर, क्वालिटी एकदम टॉप आहे."

कुपवाडला माझं छोटं वर्कशॉप आहे. आम्ही पंपांचे सुटे भाग करतो आणि प्रत्येक नग मोजल्याशिवाय बाहेर जात नाही. 'एकदम टॉप' असं माप माझ्या कामात नसतं. मी खिशातून बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर काढला आणि पडद्यापासून केसभर अंतर ठेवून धरला. तरुण घाबरला, स्क्रॅच येईल म्हणाला. ओरखडा आला तर पैसे देतो, असं सांगून मी मोजत राहिलो. मागं दोन गिऱ्हाइकं हसली. हसू देत.

त्यानं मोटारींच्या शर्यतीचा गेम लावला. मोटार चांगली बोटभर लांब. आंधळ्यालाही दिसली असती. मग त्यानं बायकोकडं बघत आवाज मऊ केला आणि शैक्षणिक गेम काढला. त्यात बेरजेचं उत्तर दिलं की अस्वल नाचायचं. मुलीनं मुद्दाम चुकीचं उत्तर दिलं. अस्वल तरीही टाळ्या वाजवून 'पुन्हा प्रयत्न कर' म्हणालं.

"पप्पा, हे उगाच टाळ्या वाजवतं," ती म्हणाली आणि यंत्र खाली ठेवलं. पालकांना फसवायला एवढं अस्वल पुरतं, मुलांना पुरत नाही.

मग तिनं स्वतःच यादीतला एक गेम उघडला. एक बेट, झाडं, आणि पानांआड लपलेले किडे शोधून बरणीत भरायचे. तरुण म्हणाला, त्यात काही होतच नाही, कोणी घेत नाही. मी मोजलं. सगळ्यात लहान किडा दीड मिलिमीटर.

माप बसलं. दुसरी अट राहिली होती आणि ती व्हर्नियरनं मोजता येत नव्हती. मी बायकोला म्हटलं, पर्समधली पट्टी काढ. ती म्हणाली, भर दुकानात? मी म्हटलं, नंतर घरी तिनं गेम फेकून दिला तर काय उपयोग, इथंच बघू. मुलीचं तोंड लगेच पडलं. पण बरणीत एक किडा कमी होता. तिनं क्षणभर विचार केला, चष्मा काढून चेहरा आईपुढं केला, पट्टी चिकटवून घेतली आणि वर पुन्हा चष्मा चढवला.

दहा मिनिटांनी एक बाई आल्या. कुणी न विचारता मोठ्यानं म्हणाल्या, "अगंबाई, डोळ्याला काय झालं गं पोरीच्या?" सगळं दुकान वळून बघायला लागलं. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं आणि ते सभ्य नव्हतं.

मुलीनं मान वर केली नाही. "थांबा, बोलू नका," ती म्हणाली. "किडा पळेल."

मी बिल करायला सांगितलं.

तीन महिन्यांनी डॉक्टरबाईंच्या तक्त्यावरच्या आणखी दोन ओळी तिनं डाव्या डोळ्यानं वाचल्या. पट्टी अजून वर्षभर तरी राहणार आहे. शाळेतून आली की ती स्वतःच लावते.

त्यानंतर साताऱ्याचे मामा आले. सोफ्यावर बसून त्यांनी पहिली गोष्ट ही केली की सगळं श्रेय घेतलं. "बघा दाजी, गाजरानं गुन दिला का न्हाई?" ते पोतं निम्मं सडलं आणि निम्मं शेजारच्या म्हशीनं खाल्लं होतं. मी ते सांगितलं नाही, कारण त्यांनी ऐकलं नसतं.

मुलीनं गेम त्यांच्या हातात दिला. पानावर एक किडा आहे, शोधा म्हणाली. मामांनी हात लांब केला, मान मागे घेतली, यंत्र तिरकं केलं, खिडकीपाशी नेलं. "कुठं काय हाय? कायबी न्हाई ह्याच्यात."

तिनं उजव्या डोळ्यावरची पट्टी न काढता बोट ठेवून दाखवलं. मग यंत्र परत घेतलं आणि खेळता खेळता म्हणाली, "मामा, तुम्ही गाजर खात जा."