माहेरासाठी दोन इंच

आईचं माहेर उजनीच्या पाण्यात आहे. ती लग्न होऊन सांगवीला आली आणि मागोमाग डाळजकडचं ते जुनं गाव धरणानं पोटात घेतलं. एखाद्या कडक उन्हाळ्यातच पाणी इतकं ओसरतं, की घरांची जोती उघडी पडतात. यंदा पडली, आणि आई म्हणाली, "मला एकदा ने. पुढच्या बारीला मी असंन का न्हाय, काय सांगावं?"

अडचण तिच्या कंबरेची होती. मणक्याच्या ऑपरेशननंतर तिला साधा गतिरोधक सोसत नव्हता, आणि जुन्या गावाची वाट म्हणजे नुसता भेगाळलेला गाळ आणि दगड. माझी फोर-बाय-फोर पिकअप चिखलाला भीत नाही, पण खालून दगडांना घासली असती. म्हणून गाडी चाकांवर उंच उचलून घ्यायला बारामतीच्या गॅरेजात गेलो. मला चार इंच हवी होती, रुबाबासाठी. मिस्त्री म्हणाला, तेवढी उचलली तर डोलेल, दोन इंच बास. मग त्यानं विचारलं, "मागं काय भरता?"

आमच्या भागात या प्रश्नाला एकच उत्तर आहे. "ऊस," मी म्हणालो. त्यानं त्या बेतानं मागं स्प्रिंगचे जाड पाटे घातले आणि तसेच कडक शॉक बसवले.

घरी आणल्यावर आईनं गाडीकडं मान वर करून बघितलं. "एवढी उंच? पाखरं धरायचीत का काय?" स्टुलावरून तिला चढवली आणि चक्कर मारायला निघालो. पहिल्याच खड्ड्याला तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आरं, मला माहेरी न्यायचंय का कारखान्यावर?"

असा राग आला मला स्वतःचा! आईला न्यायची गाडी, आणि तोंडातून निघालं काय, तर ऊस. मऊ पाटे पुण्याहून यायचे, तोवर पाऊस लागून पाणी चढलं असतं. मी हात टेकले. आईनं मात्र डोळे पुसले आणि म्हणाली, "रिकामी बैलगाडी लई उडती. माल भर की मागं."

मग खरोखरच ऊस भरला. मोळ्यांच्या वजनानं पाटे दबले आणि गाडी म्हशीच्या चालीनं चालू लागली. आई दारावरचा धरायचा दांडा सोडून मांडीवर हात ठेवून बसली.

हायवेवरून जाता-येता मी जन्मभर तिथं फक्त पाणी बघितलं होतं. आता त्या पाण्याच्या तळावरून आम्ही चाललो होतो. गल्ल्या होत्या, जोती होती, एक फुटकं जातं होतं. इतकी वर्षं हे सगळं खाली जागच्या जागी होतं, आणि मला आजोळ नाही असं मी लोकांना सांगत आलो होतो.

"थांबीव," आई म्हणाली. स्टूल लावून तिला उतरवली. तिनं चपला काढल्या, सावकाश चालत एका जोत्यावर चढली आणि वळून माझ्याकडं बघितलं. तिच्या भोवती एकही भिंत नव्हती, वर छप्पर नव्हतं.

"ये की आत," ती म्हणाली. "वाकून ये, चौकट ठेंगणी हाय."

मी वाकून आत गेलो.